दर वर्षी गणपती येतील, बाबल्या मात्र चौथीतच राहील: न वाढणारं पात्र कसं बांधायचं

देवगडजवळच्या एका वाडीत राहणारा, चौथीत शिकणारा बाबल्या. त्याच्यावर अॅनिमेशन मालिका करायची ठरली की पहिल्या वर्षी सगळं लक्ष गोष्टी, रंग आणि गाण्यांकडे जातं. वयाचा प्रश्न उभा राहतो दुसऱ्या वर्षी, जेव्हा दुसऱ्यांदा गणपती येतात. मग कुणीतरी विचारतं, आता हा पाचवीत गेला का? तोवर ५२ भाग प्रसारित झालेले असतात आणि त्यांतल्या दहा-बारा भागांत उत्तराची वाट बंद करणारी वाक्यं आधीच बोलून झालेली असतात. म्हणून वय थांबवायचं काम पहिल्या पटकथेच्या आधी करावं लागतं. ते कसं करायचं, ते इथे सविस्तर सांगतो. हीच पद्धत रत्नागिरी, रायगड किंवा गोव्याच्या सीमेवरच्या कुठल्याही गावाला चालेल.

वय थांबवायचं का

पहिलं कारण अगदी व्यवहारातलं. भाग क्रमानेच लागतील याची हमी नसते. वाहिनीवर सुट्टीत सकाळी पाचवा भाग लागतो आणि दुपारी एकेचाळिसावा. मोबाइलवर तर पोर हाताला लागेल तो भाग उघडतं. पाचव्यात चौथीत असलेला बाबल्या एकेचाळिसाव्यात सहावीत दिसला तर बघणाऱ्याचा गोंधळ उडतो, आणि गोंधळलेलं पोर पुढचा भाग लावत नाही.

दुसरं कारण चित्रांचं. अकरा मिनिटांचा भाग, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १६,५०० फ्रेम. इतकी चित्रं दर भागाला नव्याने काढत बसता येत नाही. म्हणून बाबल्याचे तुकडे करून रिग बांधतात: पाच कोनांतून डोकं, आठ-नऊ ओठांचे आकार, दहा-बारा हात, पापण्या, भिवया, वर शाळेचा गणवेश, घरातली चड्डी-बनियन, पावसातलं इरलं किंवा रेनकोट. हा साठा एकदा तयार झाला की शेकडो भाग त्यावर निघतात. बाबल्या दोन बोटं जरी उंच झाला, तरी खांदा, बाही, दप्तराचा पट्टा, दारातून आत येतानाची चाल, सगळं पुन्हा काढावं लागतं.

तिसरं कारण प्रेक्षकाचं. मूल चार-पाच वर्षांचं असताना मालिका बघायला लागतं आणि नऊ-दहाचं झालं की दुसरीकडे वळतं. त्याच्या जागी त्याचं धाकटं भावंड येऊन बसतं. बाबल्या पहिल्या पोराबरोबर मोठा झाला तर दुसऱ्याला सोबतीला कोणी उरत नाही.

पण आमच्या मते खरं कारण चौथं आहे. चौथीतल्या पोराला एकट्याने दुकानात पाठवतात, पण रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होडीत घेत नाहीत. त्याला पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून किनाऱ्यावर जायची मुभा असते, पण तिन्हीसांजेच्या आत घरी यावं लागतं. झाडावर चढता येतं, पण माडावर नाही. मालिकेच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ यांच्या मधल्या पट्ट्यातून निघतात. आठवीतला बाबल्या होडीत बसला की पट्टा सरकतो आणि ती वेगळीच मालिका होते. वय निवडताना आकडा बघू नका. तो पट्टा कुठे जास्त रुंद आहे ते बघा. कोकणातल्या वाडीत तो आठ ते दहा या वयात सगळ्यात रुंद असतो.

इतरांनी काय केलं

जपानची ‘साझाए-सान’ ५ ऑक्टोबर १९६९ पासून चालू आहे आणि सर्वांत दीर्घ चाललेली टीव्ही अॅनिमेशन मालिका म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. तिथली मुलं त्याच वयात आहेत आणि घरात काळा डायलचा फोनही तसाच आहे. म्हणजे तिथे माणसांबरोबर जगही थांबवलं आहे. ‘द सिम्प्सन्स’ डिसेंबर १९८९ पासून चालू आहे. तिथे बार्ट दहा वर्षांचाच राहिला, पण आजूबाजूचं जग पुढे सरकू दिलं. ‘छोटा भीम’ने २००८ पासून तिसरी वाट धरली. ढोलकपूरला राजा आहे, पैलवान आहेत, लाडू आहेत, पण कुठलंच साल नाही. साल नसलं की ते जुनंही होत नाही. मराठी वाचकाला हे नवीन नाही. १९९१ साली वर्तमानपत्रात आलेला चिंटू वाचत मोठी झालेली पिढी आज आईबाप आहे आणि चिंटू अजून चिंटूच आहे.

या तीन वाटांपैकी एक निवडा आणि लेखी नोंदवा: जग थांबलेलं, जग सरकतं, किंवा साल नसलेलं. कोकणातल्या आजच्या वाडीसाठी आम्ही दुसरी सुचवतो, कारण एसटी, मोबाइल आणि मुंबईहून येणारे चाकरमानी वगळले तर वाडी खोटी वाटते. मात्र याच वाटेवर सांभाळायचं काम सगळ्यात जास्त असतं, आणि पुढचं बहुतेक सगळं त्याच कामाबद्दल आहे.

तीन घड्याळं

दिवसाचं घड्याळ, वर्षाचं घड्याळ आणि आयुष्याचं घड्याळ, अशी तीन वेगळी धरा. पहिली दोन चालू ठेवायची, तिसरं बंद. बागायतीतल्या विहिरीवर रहाट फिरतो, पोहरे वर येतात, पाटाला पाणी जातं, पण रहाट जागेवरच असतो. वर्ष असं फिरू द्यायचं. ऋतू येऊ देत, सण येऊ देत, फक्त कितवी फेरी झाली ते कुणी मोजायचं नाही.

नवे लेखक इथे चुकतात. वय थांबवायचं म्हणून ते ऋतूच काढून टाकतात आणि बारा महिने तेच निळं आकाश दाखवतात. कोकणात ते चालत नाही. पाऊस, शिमगा आणि आंबा नसलेली वाडी कुणी ओळखणार नाही. ५२ भागांपैकी साधारण ३० भाग कुठल्याही महिन्यात लागतील असे लिहा आणि २२ भाग ऋतूचे ठेवा. ऋतूच्या भागांना वर्षाचा संदर्भ नसला की तोच गणपतीचा भाग पुढची दहा वर्षं चतुर्थीच्या आठवड्यात लावता येतो.

वर्षाचं चाक मात्र बिनचूक असलं पाहिजे, कारण गावचा प्रेक्षक त्यातली चूक लगेच पकडतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरतो आणि शाळा सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा त्या काळातल्या भागात ट्रॉलर समुद्रात दाखवू नका, वर ओढून झाकलेला दाखवा. तरवा (भाताची रोपं) काढून लावणी जुलैपर्यंत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. गणपतीत शेत हिरवं असतं, लोंबी भरत आलेली असते. कापणी तिथे घुसवू नका, बहुतेक भातं दसऱ्याच्या आसपास आणि नंतर कापली जातात. थंडीत आंब्याला मोहोर, फाल्गुनात शिमगा आणि पालखी, मार्च ते मे हापूस. वाडीची सहा बॅकग्राउंड घ्या (खळं म्हणजे घरापुढचं अंगण, पडवी, पाणंद, शाळा, देऊळ, किनारा) आणि प्रत्येकाची चार रूपं करा: धो-धो पाऊस, गणपतीतलं ओलं हिरवं, थंडीतलं सोनेरी, उन्हाळ्यातलं तांबडं. ही २४ चित्रं झाली की वर्ष फिरतं.

एक सापळा जवळून बघा. गणपतीच्या भागात माजघरात आरास चालू आहे, वर माटोळीला फळं बांधताहेत आणि मागच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं आहे. चित्रकाराने हौसेने त्यावर सप्टेंबर काढला आणि ७ तारखेला लाल गोल केला. झालं, साल ठरलं. चतुर्थी ७ सप्टेंबरला २०२४ साली होती. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली. आपली तिथी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते आणि अधिक महिना पडला की उडी मारते, त्यामुळे तारीख आणि सण एकत्र दिसले की कुणीही साल काढू शकतो. कॅलेंडर दाखवायचंच असेल तर वर देवाचं चित्र आणि खाली नुसत्या चौकटी. एसटीच्या पाटीवर ‘देवगड’ पुरे. गाडीच्या नंबरात एमएच ०७ आणि एकदा ठरवलेला एकच क्रमांक ठेवा. नोटाही काढू नका. २०१६ मध्ये पाचशेची नोट बदलली आणि जुन्या नोटेचं चित्र असलेले भाग एका रात्रीत जुने झाले. नाणी काढा. डझनाचा भाव पात्राच्या तोंडी कधीही देऊ नका.

कुठले शब्द खोडायचे

पटकथा हातात आली की लाल पेनाने आधी ‘गेल्या वर्षी’ शोधा. हा शब्द आयुष्याचं घड्याळ चालू करतो. ‘गेल्या वर्सा आमचो गणपती पाच दिवसांचो होतो’ असं आजो म्हणाला की मागचं वर्ष आणि हे वर्ष अशी दोन वर्षं झाली, आणि बाबल्या दोन्ही वर्षांत चौथीत कसा, हा प्रश्न आला. तिथे ‘मागे एकदा’ घाला. ‘मागे एकदा आमचो गणपती पाच दिवसांचो होतो.’ अर्थ तोच, आठवण तीच, पण मोजणी गेली. मराठीत ही सोय मोठी आहे: मागे, एकदा, तेव्हा, दर वर्षी, नेहमी. हे शब्द मोकळेपणाने वापरा. ‘पुढच्या वर्षी’ फक्त एका ठिकाणी चालतं, विसर्जनाच्या आरोळीत. ती आरोळी प्रत्येक फेरीला खरी असते, म्हणून तिला हात लावू नका.

मोठ्यांच्या आठवणी सालाला बांधू नका, वयाला बांधा. ‘द सिम्प्सन्स’चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९९१ च्या एका भागात आईबाप १९७४ साली शाळेत भेटले असं दाखवलं. २००८ साली दुसऱ्या भागात त्यांचं तरुणपण नव्वदच्या दशकात नेलं, कारण मुलं त्याच वयाची ठेवायची तर आईबापाचा जन्म पुढे ढकलावाच लागतो. जुन्या प्रेक्षकांना ते खटकलं. कोकणात हेच रेल्वेच्या बाबतीत होईल. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. आज बाबल्याचा बापूस ३८ वर्षांचा धरला तर तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता आणि पहिली गाडी बघायला धावला, हे जुळतं. आणखी १५ वर्षं मालिका चालली तर तेव्हा ३८ चा असलेला बापूस त्या पहिल्या गाडीच्या वेळी जन्मलेलाही नव्हता. म्हणून गाडीचं नाव न घेता लिहा: ‘मी तुझ्याएवढो होतंय तेव्हा...’ आणि पुढे अशी गोष्ट द्या जी कुठल्याही सालात घडेल. विहिरीत घागर पडणं, पुरात साकव वाहून जाणं, पहिल्यांदा मुंबईला जाणं.

निकाल, वाढदिवस, बाळ आणि रोप

या चार गोष्टी वय उघडं पाडतात, पण चारही लिहिण्याजोग्या आहेत, म्हणून टाळू नका.

वार्षिक निकाल नको. १ मेच्या सुमारास निकाल दाखवला की जूनमध्ये कुठला वर्ग, हे सांगावं लागतं. त्याऐवजी घटक चाचणी घ्या. ‘डोरेमॉन’मधला नोबिता वर्षानुवर्षं शून्य आणतो, पण ते शून्य वर्गातल्या चाचणीचं असतं, म्हणून तो नापासही होत नाही आणि पुढेही जात नाही. तशीच शाळा उघडण्याचा भाग हवा असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा घ्या, तेव्हा वर्ग तोच असतो.

वाढदिवसाला आपल्याकडे औक्षण आहे, आणि त्यात आकडा कुठेच नसतो. पाटाभोवती रांगोळी, निरांजन, सुपारी, अंगठी, आईने ओवाळलं की झालं. केक आणलात तर मेणबत्त्या मोजल्या जातील. आणायचाच असेल तर एकच मेणबत्ती.

घरात बाळ आणायचं तर एकदाच. ‘शिन-चॅन’मध्ये १९९६ साली त्याची बहीण हिमावारी जन्मली आणि तिथेच थांबली. बाळ येणं म्हणजे नऊ महिने गेल्याची कबुली असते, तेवढी एकदा देता येते. पण बाळाने चालायला सुरुवात केली की थोरल्या भावाला चौथीत ठेवणं कुणालाच पटणार नाही. बाळ रांगतं ठेवा आणि त्याचं रांगणं हीच त्याची ओळख करा.

रोपाचं मात्र पर्यावरणाच्या भागाच्या नादात सगळ्यांकडून चुकतं. बाबल्या खळ्याच्या कडेला माडाचं रोप लावतो, शेवट गोड होतो. पण माड पाच-सहा वर्षांत धरतो आणि हापूसचं कलमही तेवढ्यात फळाला येतं. खळं दर भागात दिसणार. रोप वाढवलं तर काळ दिसतो, आणि तसंच ठेवलं तर चौथ्या वर्षी कुणीतरी विचारतं की हे मेलं का. उपाय सोपा आहे. रोप शेजारच्या वाडीत, डोंगरावरच्या देवराईत, जिथे आपला कॅमेरा एरवी जात नाही तिथे लावा.

बाबल्या नकळत कसा वाढतो

वय लेखकाने थांबवलं तरी हातातून सुटतं ते उंचीत. बाबल्या साडेतीन डोक्यांचा (उंची डोक्याच्या साडेतीन पट) आखा, आई सहा डोक्यांची, आजो पाठीत वाकलेला म्हणून साडेपाच. सगळ्यांना एका रेषेवर उभं करून उंचीचं पत्रक करा. मग त्याच पत्रकावर घराच्या पाच वस्तू काढा: तुळशीवृंदावन, पडवीचा कठडा, विहिरीचा काठ, चुलीजवळचा ओटा, आंब्याची पेटी. वृंदावनाचा वरचा काठ बाबल्याच्या हनुवटीला, पडवीचा कठडा छातीला, आंब्याची पेटी गुडघ्याच्या वर. हे पत्रक पात्रं काढणाऱ्याला देतातच. बॅकग्राउंड काढणाऱ्याला देत नाहीत, आणि घोटाळा तिथे होतो. नव्या चित्रकाराने वृंदावन थोडं बुटकं काढलं की रिग तीच असूनही बाबल्या बारा वर्षांचा दिसतो. मग कुणीतरी बाबल्यालाच लहान करून बसवतं, आणि पुढच्या भागात तो कठड्याखाली जातो.

दुसरी गळती चेहऱ्याची. शंभर भागांत डोळे हळूहळू मोठे होतात, मान लांबते, रेष बारीक होते. रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दर २६ भागांनंतर ताजा समोरचा चेहरा पहिल्या मॉडेल शीटवर (पात्र कसं काढायचं ते ठरवणाऱ्या मूळ चित्रावर) अर्धपारदर्शक ठेवून बघा. मान लांबली असेल तर आधी ती आखूड करा. लहान मुलाचं वय डोळ्यांपेक्षा मानेत जास्त दिसतं.

आवाज

बाबल्याचा आवाज खऱ्या दहा वर्षांच्या मुलाकडून घेण्याचा मोह होतो, कारण तो फार गोड लागतो. दोन-तीन वर्षांत तो मुलगा वयात येतो, आवाज फुटतो, आणि मालिका तिथे अडते. म्हणून जगभर मुलांचे आवाज बरेचदा मोठ्या बायका देतात. बार्टचा आवाज सुरुवातीपासून नॅन्सी कार्टराइट देतात आणि साझाए ही मोठी बाई असली तरी तिचाही आवाज १९६९ पासून मिदोरी कातोच देत आल्या आहेत. मालवणी घरात बोलणारी, आवाज वरच्या पट्टीत धरू शकणारी बाई शोधा. दशावताराच्या किंवा गावच्या नाटकांच्या वर्तुळात अशा कलाकार सापडतात.

पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून ४० ओळींचा नमुना ध्वनिमुद्रित करून जपून ठेवा: लांबून ‘आये गोऽऽ’ अशी हाक, हसणं, रडणं, धावत बोलणं, तोंडात घास घेऊन बोलणं, कुजबुज. दर हंगामाच्या आधी त्याच ओळी तिने पुन्हा म्हणायच्या आणि दोन्ही शेजारी ऐकायच्या. आवाज जाड झाला असेल तर आधी हाकेत कळतं. कधी ना कधी आवाज बदलावा लागेलच. ‘डोरेमॉन’ने २००५ साली सगळा मुख्य संच एकदम बदलला, ‘शिन-चॅन’चा आवाज २०१८ साली बदलला, आणि दोन्ही मालिका चालू राहिल्या. नव्या कलाकाराला तो नमुना महिनाभर ऐकू द्या, आणि नक्कल मागू नका. श्वास कुठे घेतला आहे तेवढं पकडायला सांगा.

आजोचा आवाज देणारा कलाकार गेला तर? ‘द सिम्प्सन्स’मध्ये मार्सिया वॉलेस २०१३ साली गेल्या, तेव्हा त्यांनी आवाज दिलेल्या शाळेतल्या बाईंचं पात्र निवृत्त केलं. तो निर्णय आम्हाला योग्य वाटतो, पण तो आधी ठरवलेला असावा. प्रत्येक पात्रापुढे एक ओळ लिहा: आवाज बदलायचा, की पात्र मुंबईला जाऊन राहायचं.

एका रात्रीपुरतं म्हातारपण

बघणाऱ्या पोराला बाबल्या मोठेपणी कसा दिसेल, याची ओढ असतेच. ती पुरवा, पण परत येण्याची वाट ठेवून. टाइम मशीन आणि स्वप्न या जुन्या युक्त्या आहेत. कोकणात त्याहून चांगली युक्ती देवळासमोर दर वर्षी उभी राहते. जत्रेत दशावतार आहे, एक नट आजारी पडला, बाबल्याला म्हाताऱ्या ऋषीचं काम मिळालं. कापसाची दाढी, कपाळाला भस्म, हातात काठी. रंगवलेल्या बाबल्यासाठी वेगळं रिग करू नका. त्याच रिगवर दाढी आणि जटा हे दोन थर चढवा, कंबर आठ अंश वाकवा, आणि पापणी मिटायला दोनऐवजी चार फ्रेम द्या. एवढ्याने तो सत्तरीचा दिसतो. आवाज बाबल्याचाच ठेवा, नुसता सावकाश. आजो पहिल्या रांगेत बसून बघतोय, असा एक शॉट घ्या आणि त्यावर संगीत टाकू नका. पहाटे नाट्य संपतं, बाबल्या विहिरीवर येतो, आई पोहऱ्याने पाणी ओतते, दाढीचा गोंद सुटत नाही म्हणून तो ओरडतो. वृंदावनाच्या काठाशी हनुवटी पुन्हा बरोबर बसली की नाही, ते या शेवटच्या शॉटमध्ये नक्की तपासा.